फाईल रुग्णाची, कुलूप दवाखान्याचं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण तुमच्या घरातलं कुणी ना कुणी कधीतरी दवाखान्यात भरती झालेलं असेलच, म्हणून शेवटपर्यंत वाचा. खाली अर्जाचा नमुना दिला आहे, तो सेव्ह करून ठेवा.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत रुग्णाच्या कागदांचा उलटाच न्याय चालतो. रुग्णानं स्वतःची फाईल मागितली की खिडकीतून उत्तर येतं, "ते गोपनीय असते, देता येत नाही." आणि त्याच रुग्णाला काय झालंय हे शेजारच्या खाटेवरच्याला, बाहेरच्या चहाटपरीला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला आणि फळवाटपाला आलेल्या पुढाऱ्याच्या फोटोग्राफरला माहीत असतं. म्हणजे गोपनीयता आहे, पण ती फक्त रुग्णापासून. बाकी जगाला दार उघडं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, दवाखान्याचा नाही. तो हक्क दाखवून रुग्णालाच त्याचे कागद नाकारणं ही लबाडी आहे. आणि ती लबाडी बहुतेक वेळा अशा माणसाशी होते ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

हे मी मनानं सांगत नाही. मुंबई हायकोर्टानं १९९६ च्या रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या निकालात सांगून ठेवलंय की रुग्णाच्या किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाच्या बाबतीत डॉक्टर किंवा दवाखाना केस पेपरच्या गुप्ततेचा दावा करू शकत नाही. प्रतीचा खर्च घ्या, पण प्रत द्या. अमेरिकेत ज्या हिपा कायद्याचं एवढं नाव आहे, तोही १९९६ चाच. तिथे त्या कायद्यामागून आलेल्या नियमांनी रुग्णाला फाईल मिळू लागली, आणि ती अडवणाऱ्या दवाखान्यांना दंड बसतात. आपल्याकडे निकाल त्याच साली आला आणि तीस वर्षांनंतरही खिडकीवरचा बाबू "गोपनीय" म्हणतो.

पुढे २००२ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचरणाचे नियम आले. नियम १.३.१ म्हणतो, भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवा. नियम १.३.२ म्हणतो, रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागणी केली तर तिची पोच द्या आणि ७२ तासांत कागद द्या. हे केलं नाही तर नियम ७.२ प्रमाणे ते डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणून २००२ चेच नियम आज चालू आहेत. कुणी "ते जुनं झालं" म्हणालं तर ऐकू नका.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही हेच आहे. भरती असताना २४ तासांत आणि सुट्टी झाल्यावर ७२ तासांत प्रत. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१९ मध्ये ती सनद सगळ्या राज्यांना पाठवली. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले आणि खासगी दवाखान्यांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. आता तुम्हीच सांगा, आपल्या गावातल्या किती दवाखान्यांत ती पाटी तुम्ही पाहिली? गणपतीची तसबीर दिसते, "येथे कार्ड स्वीकारले जाईल" दिसतं, डॉक्टरांच्या सत्काराचे फोटो दिसतात. सनद शोधावी लागते.

काही जण म्हणतील, "भाऊ, माणूस बरा होऊन घरी आला ना, मग कागद कायले पाहिजे?" कायले, ते सांगतो.

आपल्याकडचा रुग्ण एका दवाखान्यात बरा होत नाही, त्याला पुढे पाठवलं जातं. भामरागडचा माणूस आधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून अहेरी, तिथून गडचिरोली, तिथून चंद्रपूर मेडिकल किंवा थेट नागपूर. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. सिरोंच्याचे कितीतरी लोक गोदावरी-प्राणहिता ओलांडून तेलंगणात वरंगल, मंचेरियलला जातात. प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर, नवी भाषा. तिथे रुग्णाच्या वतीनं बोलणारी एकच गोष्ट असते, मागचा कागद. तो नसला की रक्त पुन्हा, एक्स-रे पुन्हा, सोनोग्राफी पुन्हा. पैसा जातो तो वेगळा, पण कोणतं औषध आधी दिलं, कशाची रिॲक्शन आली, किती बाटल्या रक्त चढवलं, हे नव्या डॉक्टरला कळतच नाही. माडिया बोलणाऱ्या आजीनं ते कसं सांगायचं? "एक पांढरी गोळी होती जी" एवढंच ती सांगू शकते.

दुसरं कारण पैशाचं. सिकलसेलचा रुग्ण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत येतो. पण दिव्यांग प्रमाणपत्राच्या टेबलावर गेला की आधी विचारतात, जुने कागद कुठे आहेत? वाघाच्या हल्ल्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीकडची माणसं जखमी होतात. भरपाई किती मिळणार हे जखम गंभीर की कायमचं अपंगत्व यावर ठरतं, आणि ते ठरतं वैद्यकीय कागदावर. विमा, अपघाताचा दावा, कामगाराची नुकसानभरपाई, महात्मा फुले योजनेची तक्रार, सगळीकडे तेच. कागद नाही तर माणूस जखमी झालाच नव्हता!

तिसरं कारण सगळ्यात अवघड. माणूस दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. घरच्यांना फक्त एवढंच कळून घ्यायचं असतं की नेमकं झालं काय. त्यांना भांडायचं नसतं, कोर्टात जायचं नसतं. शेवटच्या रात्री डॉक्टर किती वाजता आले, काय दिलं, हे वाचून शांत व्हायचं असतं. तेही आपण त्यांना देत नाही.

माझ्या घरचं सांगतो. चार वर्षांपूर्वी वडिलांना नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दवाखान्याचा नाही. सुट्टी झाल्यावर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा होता म्हणून पूर्ण फाईलची प्रत मागितली. "डिस्चार्ज कार्ड दिलं ना, आणखी काय पाहिजे?" मग "मोठे साहेब सुट्टीवर आहेत." मग ठरलेलं वाक्य, "पॉलिसीप्रमाणे गोपनीय आहे." लेखी अर्ज दिला, त्यात नियमाचा क्रमांक घातला. पोच द्यायला नकार. मग रजिस्टर पोस्टानं पाठवला. सतराव्या दिवशी फाईल मिळाली, पानाला वीस रुपये दरानं. मी पत्रकार, नियम माहीत असलेला, चार चकरा मारायला गाडीभाडं असलेला माणूस. मला सतरा दिवस लागले. कोरचीच्या शेतमजुराला किती लागतील? त्याचं उत्तर मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तो मागतच नाही.

आता डॉक्टरांची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण माझे कितीतरी मित्र डॉक्टर आहेत आणि ही पोस्ट ते वाचणार आहेत.

ते म्हणतात, एका वैद्यकीय अधिकाऱ्यावर शंभर-दीडशे ओपीडी, बाळंतपणं, शवविच्छेदनं आणि वरून ऑनलाईन नोंदी. झेरॉक्स मशीन बंद, कारकुनाचं पद रिकामं. खरं आहे. पण ही तक्रार शासनाकडे करायची आहे, तिची वसुली रुग्णाकडून करायची नाही. रुग्ण कल्याण समितीकडे निधी असतो. त्यातून पडदे येतात, रंगरंगोटी होते, मग झेरॉक्स का होत नाही?

दुसरं ते म्हणतात, कागद हातात दिले की लोक वकिलाकडे पळतात, नाहीतर दवाखान्यावर चालून येतात. ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवर हल्ले होतात आणि ते करणाऱ्यांना तुरुंगातच टाकलं पाहिजे, त्यासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे. पण जरा विचार करा, जमाव कधी जमतो? माहिती मिळाली म्हणून, की मिळाली नाही म्हणून? "फाईल देत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतात" हे वाक्य माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत मी प्रत्येक दवाखान्याच्या राड्यात ऐकलंय. ज्यानं नीट उपचार केले आणि नीट लिहून ठेवले, त्या डॉक्टरचा सगळ्यात मोठा साक्षीदार तीच फाईल असते. आणि ग्राहक आयोगात कागद हजर केले नाहीत तर त्याचा अर्थ दवाखान्याच्या विरोधात लावला जाऊ शकतो, हे कोणताही वकील सांगेल. लपवून सुरक्षितता मिळत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. जे रुग्णाला दाखवत नाहीत, तेच गावाला दाखवतात.

सिकलसेल घ्या. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं ठरलं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना या कामाची गरज आहे, याबद्दल वाद नाही. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी हवीच. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे किती लोकांना समजावलं जातं? आणि रिपोर्ट कसा दिला जातो? शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात, रांगेत, नाव पुकारून. "तुझं पॉझिटिव्ह आहे, बाजूला उभी राह." पंधरा वर्षांच्या पोरीला शंभर जणांसमोर बाजूला उभं केलं की तिची सोयरीक गावानं त्याच दिवशी मोडली असं समजा. मुलाचं काही बिघडत नाही बरं का, "पाहू पुढे" म्हणतात. पोरीवर मात्र शिक्का. एका मावशीनं मला विचारलं, "साहेब, तपासणीले नाही नेलं असतं त लेकीचं लगन झालं असतं ना जी?" या प्रश्नावर अभियानाच्या अधिकाऱ्यांनी विचार करावा. गुप्तता पाळली नाही तर लोक पुढच्या तपासणीला येणार नाहीत. मग २०४७ कशाला, २१४७ सुद्धा पुरणार नाही.

भरवसा असला तर लोक किती बोलतात, याचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ६५० स्त्रिया तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगानं त्याची दखल घेतली. त्या बाया तपासणीला आल्या आणि नवऱ्यालाही न सांगितलेलं दुखणं बोलल्या, कारण ते चव्हाट्यावर जाणार नाही एवढा विश्वास त्यांना वाटला. गोपनीयता हा शहरी लोकांचा शौक आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कुष्ठरोगाचं वेगळं सांगायला नको. बाबा आमटेंनी वरोऱ्याला १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं ते गावानं हाकलून दिलेल्या माणसांसाठी. पण कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत होतं. २०१९ पर्यंत! म्हणजे दवाखान्यातला एक कागद चुकीच्या हातात पडला तर संसार कायदेशीर मोडता येत होता. कलम गेलं, पण गावाच्या डोक्यातून गेलं का?

कोविडमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवतं. पॉझिटिव्ह लोकांच्या नावानिशी याद्या मोबाईलवर फिरल्या. घरांवर कागद चिकटवले. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर पोस्टर लावू नका. तोपर्यंत ज्यांची दुकानं ओस पडायची ती पडली होती.

आणि आता आमच्या धंद्याबद्दल. गरोदर बाईला खाटेवर टाकून नाल्यातून आणतात, तो फोटो दरवर्षी येतो. रस्ता नाही, पूल नाही ही बातमी आहे, ती छापलीच पाहिजे, ओरडून छापली पाहिजे. पण बातमी रस्त्याची आहे, त्या बाईच्या चेहऱ्याची नाही. वेदनेनं तळमळणाऱ्या बाईचा चेहरा, उघडे पाय, गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं टाकून "शेअर करा" म्हणायचं, तिला कुणी विचारलं का? पुढाऱ्यांच्या फळवाटपाचं तेच. दोन केळी आणि एक सफरचंद देऊन खाटेवरच्या माणसाबरोबर पाच जणांचा फोटो. सलाईन लावलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. वैद्यकीय अधीक्षकांनी वॉर्डात कॅमेरा बंद केला पाहिजे, मग समोर आमदार असो, खासदार असो की पत्रकार.

कायदे यासाठीही आहेत. डॉक्टरनं रुग्णाची गुपितं बाहेर सांगू नयेत, हे २००२ च्याच नियमांत ७.१४ मध्ये आहे. अपवाद तीनच : कोर्टाचा आदेश, दुसऱ्या कुणाला ठोस गंभीर धोका आणि शासनाला कळवायचे साथीचे आजार. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आजारासाठीही २०१७ चाच कायदा आहे आणि त्यात गुप्तता आणि स्वतःचे कागद मिळण्याचा हक्क, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. गर्भपात केलेल्या बाईचं नाव उघड करणं गुन्हा आहे. म्हणजे कायद्याचं म्हणणं साधं आहे, रुग्णाला द्या, बाकीच्यांना देऊ नका. आपण बरोबर उलटं करतो.

आता गोपनीयता कुणासाठी जोरात धावते तेही पहा. सुरूपसिंग नाईक हे राज्यात वनमंत्री राहिलेले, नवापूरचे मोठे नेते. वनांबाबतचे आदेश डावलून लाकडावर चालणाऱ्या उद्योगांना परवाने दिल्याबद्दल सुप्रीम कोर्टानं मे २००६ मध्ये त्यांना अवमानाबद्दल एक महिन्याची साधी कैद दिली. त्या महिन्यातले २१ दिवस ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकानं माहिती अधिकारात विचारलं, असा कोणता आजार होता? तेव्हा वैद्यकीय गुप्ततेचा मुद्दा हायकोर्टापर्यंत लढवला गेला. २३ मार्च २००७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला की एरवी रुग्णाची माहिती जपलीच पाहिजे, पण शिक्षा भोगणारा माणूस दवाखान्यात का राहिला हे जाणून घेण्यात जनहित आहे, म्हणून माहिती द्या. कोर्टानं तराजू बरोबर धरला. एका बाजूला माणसाचा खासगीपणा, दुसऱ्या बाजूला लोकांचं हित. आपल्या खिडकीवर मात्र तराजूच नाही. मंत्र्याच्या फाईलसाठी वकील उभे राहतात आणि सरपणाची मोळी आणताना पडून कंबर मोडलेल्या बाईला तिचाच एक्स-रे मिळत नाही.

एक धोका पुढे आहे, त्याकडेही लक्ष ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली वाक्यं कापली आणि "वैयक्तिक माहिती" एवढंच कारण ठेवलं. दुसऱ्याची माहिती मागताना ते आडवं येईल, त्यावर वेगळी लढाई आहे. पण काही साहेब आता तेच कलम दाखवून रुग्णाला त्याचीच फाईल नाकारतील. फसू नका. स्वतःची माहिती स्वतःला देण्यात कुणाच्या खासगीपणाचा भंग होतो? आणि शिबिरात 'आभा' क्रमांक काढताना ओटीपी दुकानदाराच्या नाहीतर कंत्राटदाराच्या मोबाईलवर घेऊ नका. तो चौदा आकडी क्रमांक तुमच्या आजारांची किल्ली आहे. तो ऐच्छिक आहे, सक्तीचा नाही.

आता कामाचं. काय करायचं?

१. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज करा, दोन प्रती. एकीवर पोच घ्या : सही, शिक्का, तारीख आणि वेळ. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

२. अर्ज असा लिहा :
"प्रति, वैद्यकीय अधीक्षक / संचालक. विषय : माझ्या उपचाराच्या कागदपत्रांची प्रत मिळणेबाबत. मी दिनांक अमुक ते अमुक आपल्या रुग्णालयात भरती होतो/होते. नोंदणी क्रमांक अमुक. केस पेपर, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, संमतीपत्र व डिस्चार्ज कार्ड यांची प्रत भारतीय वैद्यक परिषद नियम २००२ च्या १.३.२ नुसार ७२ तासांत द्यावी. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास तयार आहे."
खाली सही किंवा अंगठा, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. नातेवाईक जात असेल तर रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र. रुग्ण गेलेला असेल तर वारस असल्याचा पुरावा.

३. सरकारी दवाखाना असेल आणि अर्जाला दाद मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उपचार अडले असतील तर "जीविताशी संबंधित" असं लिहा, मग कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. नाही मिळालं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ.

४. खासगी दवाखाना असेल तर त्याची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे तक्रार करा, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्य चिकित्सक, चंद्रपूर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग.

५. तीन वर्षांची मुदत विसरू नका. "नंतर पाहू" म्हणत बसलात तर कागद रद्दीत जाईल. सुट्टीच्या दिवशीच अर्ज द्या.

६. अर्ज रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्यानं करायचा. सरपंचानं नाही, पक्षाच्या कार्यकर्त्यानं नाही, पत्रकारानंही नाही. लोक मला फोन करतात, "भाऊ, तुम्ही या, तुम्हाले पाहून देतील." मी येत नाही. माझ्या ओळखपत्राला घाबरून मिळालेली फाईल म्हणजे हक्क नव्हे, वशिला झाला. अर्ज लिहून द्यायला मात्र मी कधीही तयार आहे.

आणि दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना, शल्य चिकित्सकांना, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना जाहीर मागणी :

प्रत्येक दवाखान्याच्या दारात पाटी लावा, मराठीत, गोंडी-माडियात, सिरोंच्याकडे तेलुगूतही : "तुमचे कागद तुम्हाला ७२ तासांत मिळतील. अर्ज कुठे द्यायचा, किती पैसे, कोण जबाबदार." दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाची प्रत रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून फुकट द्या. सिकलसेल, टीबी, कुष्ठरोग, एचआयव्हीचा रिपोर्ट बंद खोलीत, एकेकाला, समजावून द्या. आश्रमशाळेत नावं पुकारणं आजपासून बंद करा. वॉर्डात फोटो बंद. याला नवा कायदा लागत नाही, नवं बजेट लागत नाही. एक परिपत्रक आणि ते पाळलं जातं की नाही हे पाहायला एक चक्कर, एवढंच लागतं.

महिनाभरानं मी दोन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांच्या दारात जाऊन पाहणार आहे, पाटी लागली की नाही. जिथे लागली असेल त्या दवाखान्याचं नाव इथेच कौतुकानं लिहीन. जिथे नसेल तिथलंही लिहीन.

तुमचा अनुभव कमेंटमध्ये सांगा. दवाखान्याचं आणि तालुक्याचं नाव चालेल. रुग्णाचं नाव आणि आजार मात्र लिहू नका, दुसऱ्याचा तर अजिबात नाही. सुरुवात आपल्यापासूनच होऊ द्या.